फाटकावरच्या कॅमेऱ्यातलं धुकं

४ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी मेहुण्याने दिली. म्हणाला, "भाऊजी, कुठला कॅमेरा उघडलात, काय बिघडलं होतं, काय केलंत, रोज दोन ओळी लिहीत जा." दोन ओळींत मला आजवर काहीच सांगता आलेलं नाही. गावच्या शाळेत गुरुजी फळ्यावर 'थोडक्यात उत्तरे द्या' असं लिहायचे आणि माझ्याकडे बघून 'थोडक्यात'खाली आणखी एक रेघ ओढायचे.

तर थोडक्यात. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेमीत बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दुकान या मार्चमध्ये बंद झालं. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, घरांवर आणि गोदामांवर पहाऱ्याचे कॅमेरे बसवतो. त्याने मला भागीदार करून घेतलं. मी म्हटलं, मला विजेतलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, "काच कळते ना? मग पुरे." अशी आमची भागीदारी झाली. वीज त्याची, काच माझी.

पहिलंच मोठं काम फरश्यांच्या गोदामाचं. आवाराला चार कॅमेरे. बसवून थोडे दिवस झाले नाहीत तोच चौघांनाही मोतीबिंदू झाला. काचेच्या आतून वाफ धरते. सकाळी पडद्यावर बघावं तर ना गोदाम, ना फाटक, सगळं ताक सांडल्यासारखं पांढरं. मालकीणबाईंचा फोन आला. "काका, कॅमेरे बसवलेत का ढग?"

ढगाचं मला काही वाटलं नाही. 'काका' लागलं. बाई पस्तिशीच्या असतील, आणि मला अजून पन्नास पूर्ण व्हायची आहेत.

बाईंची आणखी गोदामं आहेत. महिनाअखेरपर्यंत हे चार कॅमेरे स्वच्छ दिसले तर तिथलंही काम आमचं. नाही दिसले तर हेही गेलं. काच माझी असल्यामुळे सगळे माझ्याकडे बघताहेत.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर गोदामावर. तिथल्या वॉचमनला सगळे मामा म्हणतात. साठीला टेकलेला, काटकुळा माणूस. फाटकाशी त्यांची केबिन आणि मागच्या भिंतीला लागून एक खोली. तिथे ते आणि मामी राहतात. नोकरी आहे तोवर खोली आहे.

मी शिडीवर चढलेला बघून त्यांनी विचारलं, "तुम्हीच का ते चष्मेवाले?"

"हो."

"कॅमेऱ्यालाही नंबर लागला का?" आणि स्वतःच खूप हसले. मग चहा दिला. चहा देताना म्हणाले, "होईल ना हो नीट? का नाही व्हायचं?"

मी म्हटलं, काळजी करू नका, नक्की होईल. ते वर कॅमेऱ्याकडे बघत राहिले. "बाई म्हणतात, या चारांना नीट दिसायला लागलं की मग मामांचं काय ते बघू."

मला बरं वाटलं. एवढा व्याप सांभाळून म्हाताऱ्याच्या विश्रांतीचा विचार करणारी मालकीण आजकाल कुठे बघायला मिळते! तसं मी बोलूनही दाखवलं. मामांनी माझा कप उचलला. त्यात चहा अजून होता.

कामाचं लिहितो. चारही कॅमेरे उघडले, आतून पुसले. बाहेर जिथे जिथे फट दिसली तिथे सिलिकॉन भरलं. प्रत्येकाच्या बुडाला एक बारीक भोक आढळलं. कारखानेवाल्यांची हयगय, दुसरं काय! तीही बुजवली. शेवटी आतल्या काचेवर हाऽ केलं, मऊ कापडाने पुसली, मनात देवाचं नाव घेतलं आणि झाकण लावलं. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं हेच केलं. वाफ धरली म्हणून एकही चष्मा परत आला नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चारही पांढरे. परवापर्यंत निदान फाटकाजवळच्या झाडाचा आकार दिसत होता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मेहुण्याने आज मला समोर बसवून शिकवणी घेतली. ते बुडाचं भोक हयगय नव्हती. आत पाणी झालंच तर ते गळून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं. मी ते बुजवून पाण्याला आत कोंडलं होतं. "भाऊजी, तुम्ही चोर घरात असताना बाहेरून कुलूप लावलंत," तो म्हणाला. मोठ्या माणसाला बोलायची त्याची पद्धत चांगली आहे. बोलतो आणि वर पाणी प्यायला देतो.

दुसरी चूक वायरीची. वायर वरून सरळ कॅमेऱ्यात शिरत होती, म्हणजे दवाला आत जायला उतार तयार. वायरीला आधी खाली झोळ द्यायचा आणि मग वर नेऊन आत घालायची. थेंब झोळाशी येतो आणि तिथूनच खाली पडतो. पाण्याला चढ चढता येत नाही. हे ऐकून मी वायरीचा झोळ हातात धरून त्याच्याकडे बघत बसलो. पाण्याबद्दल इतकं साधं आणि इतकं खरं मला कुणी सांगितलं नव्हतं. मेहुण्याला वाटलं मला समजलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं.

कॅमेरे सुकवायला घरी आणले होते. तांदूळ ओल ओढून घेतात असं ऐकून होतो, म्हणून चारही तांदळाच्या डब्यात पुरले आणि हिला सांगायचं राहिलं. जेवताना हिच्या दाताखाली स्क्रू आला. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "तुमचा आहे का बघा."

माझाच होता. बरेच दिवस सापडत नव्हता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

भोकं मोकळी केली, वायरींना झोळ दिले, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आत ठेवल्या. दाणे कोरडे असले की निळे दिसतात, ओल प्यायले की गुलाबी. तरीही चारही कॅमेऱ्यांत वाफ, आणि पुड्या अशा गुलाबी की लग्नाला निघाल्यात.

परत सगळे घरी आणले. खिडकीशी बसून एकेक बंद करत होतो. ही भाजी निवडत होती. एकाचं झाकण लावलं, दुसऱ्याचं लावलं. तिसऱ्याला ती म्हणाली, "अहो, हे काय करता?"

"काय?"

"हे हाऽ."

"काच पुसतो."

"सकाळी आरशावर तसं केलंत की काय होतं?"

"वाफ येते."

"आणि लगेच झाकण लावलंत तर ती कुठे जाईल?"

मी हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. तिने पुन्हा भाजीत डोकं घातलं. तेवढ्यावर थांबली असती तर ती माझी बायको कसली? "गावभर पाणी कुठून शिरतंय ते शोधताय, आणि दर वेळी घडाभर आत स्वतःच सोडताय."

चष्म्याला 'आत' असं काही नसतं. दोन्ही बाजूंना उघडं जग असतं, वाफ आपली आपण निघून जाते. ही डबीतली काच. मी देवाचं नाव घेत प्रत्येक डबीत माझा एक श्वास कोंडत होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच बघून घाबरत होतो. यावर एखाद्या साधूने प्रवचन केलं असतं. मी झाकणं परत उघडली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तीन कॅमेरे आरशासारखे! कोरड्या दुपारी, उन्हात, नाक दाबून बंद केले. खरंच दाबलं होतं. मेहुण्याने फोटो काढला आहे.

चौथा, फाटकावरचा, मात्र पांढराच. उघडला तर झाकणाखालचं रबराचं कडं जागेवर नाही. मी बसवलं होतं, हाताला आठवतं. मामा खाली उभे होते. म्हणाले, "उंदीर फार झालेत हो. रबर तर त्यांना खव्यासारखं."

"एवढ्या उंचावर?"

"इथले उंदीर चढतात."

नवं कडं घातलं. आज देवाला फाटकावरच्या कॅमेऱ्याचं वेगळं सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा पांढरा. पुन्हा कडं नाही. उंदराला दाद द्यावी तेवढी थोडी, कारण झाकणाचे स्क्रूही त्याने परत नीट बसवले होते. मला हे विचित्र वाटलं, पण मी पुढे गेलो. विचित्र वाटल्यावर पुढे जायची माझी जुनी सवय आहे.

मामांनी चहा केला. साखरेचा डबा उघडताना 'पॉप्' असा आवाज झाला. मी म्हटलं, झाकण अगदी घट्ट आहे. झाकणाला आतून काळं रबर लावलेलं होतं. बघितलं तर हुबेहूब आमच्या कड्याच्या मापाचं. मी मामांना मनापासून म्हटलं, "छान युक्ती आहे. मुंगी शिरायची नाही." मामांच्या हातातून थोडी साखर सांडली. चहात त्यांनी ती मग घातलीच नाही.

घरी येऊन हिला सांगितलं की तसलंच रबर मामांनाही कुठेतरी मिळालं, विचारून ठेवायला हवं, आपल्याला उपयोगी पडेल. ही माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी चष्मा काढून पुसला.

"अहो, कॅमेरे नीट झाल्यावर बाई मामांचं काय बघणार आहेत?"

"विश्रांती देणार आहेत."

"आणि मागची खोली?"

मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. दुसऱ्याला स्वच्छ दिसावं म्हणून काचा बसवण्यात जन्म गेला आणि माझ्या नाकासमोरचा म्हातारा मला दिसला नाही. चार कॅमेरे नीट दिसले की वॉचमन कशाला? आणि वॉचमन नाही तर खोली कशाला? मामा मला चहा पाजत होते, विचारत होते, होईल ना हो नीट, आणि मी त्यांना धीर देत होतो की नक्की होईल!

मी घरी हात जोडत होतो की धुकं जाऊ दे. त्याच वेळी केबिनमध्ये मामा हात जोडत असतील की राहू दे. एकाच दारात दोन अर्ज. मी देव असतो तर तीन कॅमेरे उघडले असते आणि एक झाकला असता. बघायला गेलं तर तसंच झालं होतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस विचार केला. कडं बसवलं नाही तर बाई दुसऱ्या कुणाला बोलावतील. तो मूर्ख नसेल. साखरेचा डबा त्याला पहिल्या चहातच दिसेल. मग मामांची नोकरी जाईल ती चोरीचा ठपका घेऊन. बसवलं तर नुसतीच जाईल. यातलं कमी वाईट करायला मी आज गोदामावर गेलो.

मामा केबिनच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. बोलायचं पाठ करून आलो होतो, ते सगळं विसरलो. म्हणालो, "मामा, साखर बरी आहे ना?"

असलं वाक्य मी बोललो. देवाने जीभ दिली ती अशा वेळी काढून ठेवायची सोय करायला हवी होती.

मामांनी खाली बघितलं. "पाहिजे असेल तर घेऊन जा रबर. डब्याला तसं नुसतं झाकणही चालतं."

"दोन होती."

"दुसरं हिच्या तेलाच्या बरणीला." थोड्या वेळाने म्हणाले, "बाईंना सांगितलंत?"

"नाही."

"सांगणार?"

"नाही. पण कॅमेरा नीट करावा लागेल."

"करा की. तुमचं काम आहे ते." मग एकदम चिडून म्हणाले, "तुम्ही इतक्या वेळा चुकलात, मला वाटलं होतं तुमच्या हातून हे व्हायचंच नाही. भरवसा ठेवला होता हो तुमच्यावर!"

माझ्यावर असा भरवसा आजवर कुणी ठेवला नव्हता, आणि मी तोही मोडला. कडं बसवलं, नवी पुडी घातली, दुपारच्या उन्हात झाकण बंद केलं. मामांनी शिडी धरली नाही. चहाही नाही दिला. फाटकाबाहेर आलो तेव्हा त्या कॅमेऱ्यात मी स्वच्छ दिसत असणार. नको तितका स्वच्छ.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बाईंचा फोन. फाटकाचा कॅमेरा परत धुरकट. उद्या-परवा दुसऱ्या गोदामांचं ठरायचं आणि आजच हे. मेहुण्याने गाडी काढली. वाटेत मी मनात मामांवर रागावलो होतो. एवढं सांभाळून घेतलं आणि यांनी पुन्हा उंदीर सोडला!

शिडीवर चढून बघतो तर कडं जागेवर, पुडी निळी, आत ठणठणीत कोरडं. धुकं बाहेरच्या अंगाला होतं. रात्रभराचं दव काचेवर बसलेलं आणि त्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी. कोळी आपल्या धंद्यात माझ्यापेक्षा वाकबगार होता. रुमालाने पुसलं, लख्ख झालं. खाली मामा उभे होते. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली. सकाळपासून मी त्यांना मनात चोर ठरवून बसलो होतो.

वर ऑफिसात गेलो. बाई पडद्यासमोर बसल्या होत्या. "आता दिसतंय. पण उद्या काय?"

"उद्या पुन्हा दव पडेल," मी म्हणालो. "आतलं पाणी आम्ही बंद केलं, त्याची हमी देतो. बाहेरचं वरून येतं. ते रोज पुसावं लागणार."

"रोज? चारही?"

"थंडीत रोज. चारही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मग काका, तुम्हीच या ना रोज सकाळी. वर्षाचं ठरवून टाकू. बाकीच्या गोदामांचंही."

टेबलाखाली मेहुण्याचा बूट माझ्या पायावर आला. अर्थ होता, हो म्हणा. वर्षभराचं बांधलेलं काम! दुकान बंद झाल्यापासून मी याचीच वाट बघत होतो. ही तर देवासमोर बसून.

मी म्हणालो, "उजाडायच्या आत इथे हजर असेल असा माणूस हवा. मी बसने पोचेपर्यंत ऊन वर येतं, दव आपोआप वाळतं. मग मी पुसणार काय? आणि सकाळच्या ज्या वेळात दिसायला हवं, त्याच वेळात दिसणार नाही."

"उजाडताना इथे असतं कोण?" असं म्हणून बाई थांबल्या. खिडकीतून फाटक दिसत होतं. "मामांना मी या महिन्यानंतर नको म्हणणार होते."

मी दवाने ओला झालेला रुमाल घडी करत बसलो. याला शहाणपण म्हणू नये. रुमाल खरंच चुरगळला होता.

"काच पुसायला वॉचमन ठेवायचा?"

"काच पुसायला. जाळी काढायला. पुडी निळी आहे का गुलाबी ते बघायला. गुलाबी झाली की आम्हाला फोन करायला."

"म्हणजे माणसाला सुट्टी द्यायला कॅमेरे घेतले, आणि आता कॅमेऱ्यांना माणूस लागतो."

"लागतो," मी म्हणालो. आजच्या दिवसातलं माझं हे एकच उत्तर थोडक्यात होतं.

बाईंनी पडद्यावरचे चारही चौकोन एकेक करून बघितले. "ठीक आहे. थंडी संपेपर्यंत ठेवते. मग बघू. बाकीच्या गोदामांचे कॅमेरे तुम्ही बसवा, पुसायचं तिथल्या माणसांना शिकवा."

बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, रोज सकाळी मी सोडलं असतं की गाडीने!"

"हो का? सुचलंच नाही मला."

सुचलं होतं.

"आपण धंदा करतोय का पुण्य?"

"धंदा," मी म्हणालो. त्याने गाडी सुरू केली. घरी येऊन हिला सगळं सांगितलं, वर्षभराच्या कामाचंसुद्धा. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मग ताट वाढताना माझ्या ताटात जास्त वाढलं, आणि मी नको म्हटलं तर ओरडली.

थंडी संपेपर्यंत. मी हिशोब करून बघतोय. थंडी गेली की ऊन, उन्हात रबर कडक पडून चिरतं, ते कुणीतरी रोज बघायला हवं. मग धुळीचे वारे. मग पाऊस, आणि पावसाचं तर बोलायलाच नको. यातलं एकही खोटं नाही. कॅमेऱ्याच्या नशिबी बिनघोर असा एकही महिना नाही, हे बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

२ डिसेंबर, सोमवार

मामांना काम दाखवायला आज मेहुण्याने मला उजाडायच्या आधी गोदामावर सोडलं. वाटेत त्याने दोनदा घड्याळ बघितलं.

मामा शिडीवर, मी खाली शिडी धरून. कापड कोरडं हवं, गोल नाही पुसायचं, वरून खाली पुसायचं, असं मी सांगत होतो. ते वरून दुप्पट सांगत होते. शिडी कुणी एवढी लांब ठेवली? स्क्रू कुणी इतके आवळले? पहिल्यांदाच धड बसवला असता तर या वयात माकडासारखं चढावं लागलं नसतं. जाळं माझ्या डोक्यावर टाकलं आणि सॉरी वगैरे म्हणाले नाहीत.

"बाईंनी ठेवलं मला," मग वरून म्हणाले. "कुणीतरी त्यांच्या डोक्यात चांगलं घातलेलं दिसतंय. तुमचा मेहुणा असेल. हुशार आहे पोरगा."

"हो, हुशार आहे."

"तुम्ही काही बोलला होतात का?"

"मी कॅमेऱ्याचं बोललो."

"तेच म्हटलं. तुम्हाला दुसरं काय येतं?"

त्यांनी कापड पिळलं, दवाचं पाणी माझ्या मानेवर पडलं. चांगलंच गार होतं. मी एक हात सोडून मान पुसायला गेलो.

"ओ चष्मेवाले," मामा वरून ओरडले, "शिडी नीट धरा!"

धरली.